अकरा जणींचा एक बिल्ला

"द्वारकामावशी, तुम्हाला तिसरा महिना चालू आहे," कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातली केतकी सबनीस म्हणाली आणि आपण काय बोललो ते आपल्यालाच पटत नसल्यासारखी हातातल्या स्क्रीनकडे पुन्हा बघत राहिली.

द्वारका खरात अठ्ठेचाळीस वर्षांची, दोन नातवंडांची आजी. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. बांधकामावरच्या, स्वतःसकट, अकरा बायांची ती मुकादमीण आणि सगळ्यांची आक्का. तिचा आ वासलेला तसाच राहिला. मागे उभ्या असलेल्या कौसाबाईनं मात्र डोक्यावरचं घमेलं खाली टाकलं आणि पोट धरून वाळूतच बसकण मारली.

"आक्का, पेढे का बर्फी?"

"गप गं भवाने!" द्वारका खेकसली, पण हसू तिलाही आवरेना. "आन् अजून काय काय झालंय मला? सांगा की बाई, एकदाच काय ते होऊन जाऊ द्या."

केतकी वाचू लागली. दिवसातून चाळीस वेळा शौचालयात जाता. गरोदर आहात, पाळी चालू आहे आणि पाळी गेलेलीही आहे. शिवाय पोटात लहान मुलांना होतात तसले जंत आहेत. "मावशी, असं माणूस जगात असू शकत नाही. म्हणून तर मला पुण्याहून पाठवलंय."

नाशिकच्या बाहेर, पाथर्डी फाट्यापलीकडे सत्तावीस मजल्यांची इमारत उठत होती आणि तिच्या पायथ्याशी तीन आठवड्यांपूर्वी ही फिरती शौचालयं येऊन उभी राहिली होती. दोन गड्यांनी उचलावीत एवढी हलकी. तळाशी जिवाणूंचा जाड थर. पडेल ते तो तासाभरात जिरवून टाकी आणि मागे चहाच्या चोथ्यासारखी कोरडी माती उरे. टाकी नाही, गाडी नाही, वास तर नाहीच नाही. कंपनीनं त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, बाया त्याला जिरवणी म्हणत. आत भांड्याला बोटभर रुंदीची पारखपट्टी होती. तिच्यावरून जे वाहून जाईल त्यावरून ती माणसाच्या शरीराची खबर काढी. दार बिल्ला दाखवला की उघडे आणि ज्याचा बिल्ला त्याच्या नावावर खबर पुण्याच्या ऑफिसात जाई.

आता घोळ कुठे झाला ते सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? कंपनीनं अकरा जणींना अकरा बिल्ले दिले होते. द्वारकानं दहा बिल्ले पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवले, कारण हरवले तर बोलणी कुणी खायची? आणि स्वतःचा एक सुतळीला बांधून जिरवणीच्या दाराशी टांगला. अकरा जणींचा चहा एका चुलीवर होतो, मग एका बिल्ल्यावर दार उघडायला काय हरकत? पोरंबाळंसुद्धा त्याच बिल्ल्यावर जाऊन येत.

सुतळी बघून केतकीनं कपाळाला हात लावला आणि तीही खो खो हसली. मग एकाएकी थांबली.

"मावशी, ह्यात एक गोष्ट हसण्यासारखी नाहीये. तुमच्यातल्या कुणाच्या तरी मूत्रपिंडाची चाळणी फाटत चाललीय. अंगातली प्रथिनं गळतायत. अजून सुरुवात आहे, औषधानं थांबेल. पण वर्ष गेलं तर हातात काही राहणार नाही. ती कोण ते मला कळायलाच हवं."

"कशानं होतं ते?"

"उन्हात राबायचं आणि पाणी प्यायचं नाही. वर्षानुवर्षं."

द्वारकाला स्वतःचीच शिकवण आठवली. बाईच्या जातीला आडोसा नसायचा तेव्हाची गोष्ट ती. नवी बाई कामावर आली की द्वारका तिला पहिल्या दिवशी बाजूला घेऊन शिकवायची: सकाळी एक घोट, मग जीभ टाळूला चिकटली तरी दिवस मावळेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. म्हणजे जायला लागत नाही आणि कुणाची नजर झेलावी लागत नाही. किती प्रेमानं शिकवलं होतं! ह्या दहा जणींपैकी कुणाचा जीव आपण आपल्या हातानं असा वाळवत आणला?

"जुने बिल्ले बिघडले असतील असं वाटून मी नवे आणलेत," केतकी म्हणाली. "आता प्रत्येकीनं स्वतःचाच वापरायचा. आठ दिवसांत कळेल."

सगळ्या बायांच्या नजरा त्यांच्यातल्या शेवंतीकडे गेल्या आणि लगेच जमिनीकडे वळल्या. तिसरा महिना कुणाला होता ते त्या साऱ्यांना ठाऊक होतं. नाव ऑफिसात गेलं की कंपनीचा नियम लागू होई आणि तो मोठा मायाळू होता: गरोदर बाईला धोक्याच्या जागी ठेवायचं नाही, लगेच गावी पाठवायचं. गावी शेवंतीचं होतं कोण? नवरा इथेच सळ्या बांधत होता. द्वारकानं तिचं वर चढणं कधीच बंद केलं होतं, तिला तळमजल्याच्या भिंतींना पाणी मारायच्या कामाला लावलं होतं.

"मी जाते आक्का गावाला," शेवंती हळूच म्हणाली. "कुनाचा जीव वाचत आसंल तर..."

"तू थांब." द्वारका केतकीकडे वळली. "बाई, ह्या नव्या बिल्ल्यांवर नावं चढलीत का?"

"अजून नाही. नुसते आकडे आहेत. नावं उद्या भरायची."

"नावाबिगर यंत्र चालत नाही का?"

"यंत्राला नाव लागत नाही मावशी. नाव ऑफिसला लागतं."

"मग झालं तर! कौसे, पातेलं आण."

अकरा बिल्ले पातेल्यात पडले. वर फडकं टाकून द्वारकानं ते खळाखळा हलवलं. भिशीची चिठ्ठी उचलावी तशी एकेक जण आली, फडक्याखाली हात घालून बिल्ला काढला आणि आपला आकडा कुणाला न दाखवता चोळीत दडवून गेली. शेवटचा उरला तो द्वारकाचा. आठ दिवस जिच्या तिच्या बिल्ल्यावरच दार उघडायचं आणि पोरांना पलीकडच्या गड्यांच्या जिरवणीत न्यायचं असं ठरलं. केतकीनं ऑफिसला कळवलं की नावं भरायला जरा वेळ लागेल. ते खोटंही नव्हतं.

ते आठ दिवस द्वारकाला धड जेवण गेलं नाही. पाण्याचा हंडा घेऊन ती मजल्यामजल्यावर फिरे आणि बायांनी तांब्याभर पाणी संपवलं की मगच पुढे सरके. "आक्का, पोटात विहीर खनतीस का काय?" कौसाबाई कुरकुरे. द्वारका प्रत्येकीचा चेहरा निरखून बघे. हिचे पाय सुजलेत का? ती फिकट दिसते का?

नवव्या दिवशी केतकी आली. जेवणाच्या सुट्टीत अकरा जणी सावलीला बसल्या होत्या.

"चार नंबर," ती म्हणाली. "जिच्याकडे असेल तिनं मला नंतर एकटीनं भेटलं तरी चालेल."

द्वारकानं चोळीतून बिल्ला काढला, उन्हाकडे धरला आणि मोठ्यानं हसली. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"माझा हाय! मीच हाय गं बयांनो! तुमच्यातली कुनी न्हाई!"

"आक्का, हसतीस काय?" शेवंती रडवेली झाली.

"मग रडू? औषध हाय म्हनली ना बाई. अन् जिनं शिकवलं तिचंच फाटलं. देवाचा न्याय चोख हाय."

केतकी तिच्याशेजारी मातीतच बसली. "उद्या दवाखान्यात जायचं, मी नेते. आणि ऑफिस नावं मागतंय, मावशी."

"माझं घाल की. ठळक अक्षरात घाल. बाकीच्यांचं ज्या त्या सांगतील, त्यांना वाटंल तेव्हा."

केतकीनं मान डोलावली आणि एकच नाव लिहिलं. द्वारका बोटांवर काहीतरी मोजू लागली. जालना, वाळूज, चाकण, तळेगाव, पुन्हा जालना. बोटं संपली तेव्हा तिनं दुसऱ्यांदा सुरुवात केली.

"बाई, बावीस वर्षांत चोवीस साइटी झाल्या माझ्या. तुमच्या जिरवण्या त्यातल्या कितींवर हायेत?"

केतकीनं नकाशा उघडून एकेक नाव ताडून बघितलं. "तीन."

द्वारकानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा करून खाली ठेवला.

"अन् बाकीच्या एकवीस जागी मी ज्या बायांना शिकवून आले, त्यांना आता कोन सांगनार?"