उतारा दहावा

छापखान्यात तिला सगळे कॉमाबाई म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईला याहून वाईट नाव सहज पडलं असतं. तिची खोली मशीनच्या बरोबर वर होती. खाली छपाई सुरू झाली की टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या. टेबलाच्या एका बाजूला ती बसे, समोर मास्तर. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत आणि काम एकच: लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची. नुसते शब्द नाहीत, खुणासुद्धा. "अवतरण उघडलं, कॅपिटल डब्ल्यू, व्हेअर आर यू, प्रश्नचिन्ह, अवतरण मिटलं," असं ते वाचत जात आणि ती छापील पानावरून बोट फिरवत ताडून बघे. नवीन माणूस दारात आला तर दोघांना वेड लागलंय असंच समजे.

कामाचे नियम दोनच होते. खूण चुकली तर दुरुस्त करायची, पण लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. त्याने सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं तरी समासात प्रश्नचिन्ह टाकून गप्प बसायचं. आणि मास्तरांनी मोठ्याने वाचल्याशिवाय एकही पान खाली जायचं नाही. हे नियम तिनेच घालून दिले होते आणि त्यावरून तिने भल्याभल्या लेखकांची तोंडं बंद केली होती.

त्या दिवशी हातात शाळेचं पुस्तक होतं. इंग्रजीत संवाद कसा लिहावा, स्वल्पविराम अवतरणाच्या आत की बाहेर, कॅपिटल अक्षर कुठे, असलं सगळं. सातव्या प्रकरणात नमुन्याचे दहा उतारे होते. तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. चार महिन्यांनी लेक आज घरी येणार होती, दुपारच्या बसने.

"बाई, आज चुका तुमच्या हातावर तुरी देऊन चालल्यात," मास्तर म्हणाले.

"तुम्ही वाचा हो. माझं बोट जागेवर आहे."

आठवा उतारा आला. "अवतरण उघडलं, कॅपिटल टी, द विंडो इज स्टक, स्वल्पविराम, अवतरण मिटलं, सेड द क्लार्क." मास्तरांचं वाक्य संपतंय तोच कोपऱ्यातला कारकून खिडकीशी झटापट करत म्हणाला, "ही खिडकी अडकलीय वाटतं." दोघंही खळखळून हसले. कारकुनाला काही कळेना, त्याचं तोंड एवढंसं झालं.

नवव्यात एक मालक विचारत होता, माझा चष्मा कुणी नेला? "आस्क्ड, ए लहान," असं मास्तर सांगत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. छापखान्याचे मालक दारात आले, डोळे बारीक करून त्यांनी टेबल न्याहाळलं आणि विचारलं, "माझा चष्मा कुणी नेला?"

या वेळी कुणी हसलं नाही. मालक गेल्यावर तिने मूळ प्रत स्वतःकडे ओढली आणि पहिल्या पानावरचा आवक शिक्का पाहिला. सात महिन्यांपूर्वीचा होता. छापील पान परवाचं. लेखक दुसऱ्या गावी राहणारा, इथे कधी फिरकलाही नव्हता. योगायोग म्हणतात तो हाच, असं तिने स्वतःला बजावलं आणि प्रत मास्तरांपुढे सरकवली.

मास्तरांनी पान उलटलं आणि ते थांबले.

"वाचा की."

"बाई, हा उतारा उद्या बघू."

"वाचा."

त्यांचा खणखणीत आवाज पार खाली गेला होता. "अवतरण उघडलं. कॅपिटल ए. आर यू हर मदर, प्रश्नचिन्ह. अवतरण मिटलं. आस्क्ड द पोलिसमन."

पुढे तो पोलीस त्या आईला सांगत होता की बस पुलावरून खाली गेली, आतलं कुणीच बाहेर आलं नाही. पाच ओळी होत्या. मूळ प्रतीत तेच होतं, छापील पानावरही तेच. एकही खूण चुकलेली नव्हती.

घड्याळात पावणेचार वाजले होते. लेकीची बस चारच्या सुमाराला गावाबाहेरच्या पुलावर येई. तिने लेकीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बस कंपनीच्या कार्यालयात नुसती घंटा वाजत राहिली.

भीती तिला वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या मागोमाग जो आला तो संताप होता. कोण कुठला लेखक! माझ्या टेबलावर, माझ्या हाताखालून, हे छापून जाणार?

तिने लाल पेन उघडलं आणि पाचही ओळींवर काट मारली.

"बाई, आपलं काम खुणांचं," मास्तर म्हणाले. "शब्दांचं नाही."

"आजपासून शब्दांचंही."

"हे कुणाच्या अधिकारात?"

"आईच्या."

समासात तिने एकच वाक्य लिहिलं. अवतरण, कॅपिटल आय, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं जिथल्या तिथे. मग पान मास्तरांपुढे धरलं.

"मोठ्याने."

मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "अवतरण उघडलं. कॅपिटल आय. आय ॲम होम, स्वल्पविराम, कॅपिटल एम, मदर, स्वल्पविराम. अवतरण मिटलं. शी सेड. पूर्णविराम."

खाली मशीन एकदम बंद पडलं. टाचण्या थरथरत राहिल्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती स्वतः जिना उतरली आणि पान छपाईवाल्याच्या हातात देऊन आली.

ती घरी पोचली तेव्हा शेजारीण दारातच उभी होती. डोळे रडून लाल झालेले. "अगं, ती बस गं... कुणीच वाचलं नाही म्हणतात."

"माझी वाचली," ती म्हणाली आणि तिने कुलूप काढलं.

सहाला दार वाजलं. लेक उभी होती. अंगावर ओरखडा नाही, केस विंचरलेले. हातात सामान मात्र नव्हतं.

"आय ॲम होम, मदर," ती म्हणाली.

जन्मात तिने आईला मदर म्हटलं नव्हतं. आईने तिला छातीशी धरलं, रडली, हसली, शंभर प्रश्न विचारले. लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढे शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ द्या. नातेवाईक कुजबुजायचे. मास्तर एकदा येऊन गेले, मुलीसमोर दोन मिनिटं बसले आणि चपला घालताना हळूच म्हणाले, "बाई, आपण हे करायला नको होतं."

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन," ती म्हणाली. "न बोलो. जेवते, झोपते, माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला तेवढं पुष्कळ."

पुस्तक छापून झालं, गावोगावच्या शाळांत गेलं. सुट्टी संपली.

शाळा उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वाअकराला, दोघी मटार सोलत बसल्या होत्या. गल्लीपलीकडच्या शाळेतून एक बारीक आवाज आला. कुठलीतरी मुलगी उभी राहून तोच दहावा उतारा वाचत होती. लेकीच्या हातातली शेंग गळून पडली. ती उठली, दाराबाहेर गेली, वळली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"आय ॲम होम, मदर."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसून ती दाराशी गेली.

"ये गं बाई. आत ये."

लेक आत आली, बसली, पुन्हा उठली. समोरच्या शाळेत मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामे झाले, तरी ती उठतच राहिली. दुसऱ्या कुठल्यातरी गावात तास सुरू असणार.

"ये," आई दर वेळी म्हणत होती. आवाज बसला तरी म्हणत होती.

त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत लेक एकेचाळीस वेळा घरी आली.