मोजपट्टीला हात लावायचा नाही

आबांना बोधन चाचणीत (लक्ष, स्मरण, भाषा आणि विचार यांची तपासणी) तीसपैकी एकोणतीस गुण मिळाले, आणि त्याच दुपारी ते दोनदा जेवायला बसले. पहिलं ताट अजून मोरीत पडलेलं होतं. एकोणतीस गुणांचा माणूस असं करील का?

मला या कोड्याचं उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी जिना चढत होते, उतरत होते, उगाच फ्रीज उघडून बंद करत होते.

"ऋजुता, पायाला भिंगरी लागलीय का?" आई म्हणाली.

आबा म्हणजे माझे आजोबा. कालव्यांवर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेला. जानेवारीत त्यांच्या मानेची तपासणी झाली, तेव्हा मला चित्र काढून त्यांनीच सगळं समजावलं होतं. मानेच्या दोन्ही बाजूंनी कॅरोटिड धमनी (मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नळी) जाते. वय वाढतं तसा काहींच्या धमनीत आतून चरबीचा थर साचतो. आबांची डावी धमनी पाऊण बुजली होती.

"कालव्यात गाळ भरला की काय होतं?" त्यांनी विचारलं होतं.

"पाणी कमी येतं."

"सगळ्या शेतांना सारखंच कमी?"

मी जरा विचार केला. "नाही. शेवटच्या शेताला सगळ्यात कमी."

"बरोबर. मेंदूतही अशी शेवटची शेतं असतात. तिथे रक्त कमी पोचलं तरी माणूस हसतो, बोलतो. फक्त लक्ष उडतं, काम मंदावतं. आणि गाळाचा तुकडा सुटून वर गेला, तर पक्षाघात. नळी किती बुजली ते चित्रात दिसतं, पण शेत सुकतंय का हे चाचणीतूनच कळायचं."

मग आरोग्य केंद्रातून मात्रा आली. मात्रा हा यंत्रमानव, पण आवाज बाईचा, म्हणून आम्ही तिला 'ती' म्हणतो. तिने आबांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. पाच शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. गुण मिळाले तेवीस.

त्या संध्याकाळी आई नागपूरच्या आत्याशी बोलत होती. "पुढच्या वेळी अजून कमी आले तर आबांना तुमच्याकडेच ठेवावं लागेल हो. दिवसभर इथे घरी कोण असतं?"

आबा नागपूरला गेले तर मी शाळेतून येऊन कुणाशी भांडू? मी ठरवलं, गुण कमी येऊच द्यायचे नाहीत. स्कॉलरशिपच्या परीक्षेची तयारी आबांनी माझ्याकडून घोटून घेतली होती, आता माझी पाळी. मात्राकडे मराठी शब्दांची एकच यादी होती आणि चाचणीच्या वेळी ऐकून ती मला पाठ झाली होती. रोज शाळेआधी मी विचारायचे आणि आबा म्हणायचे, "शिडी, पेरू, रेशीम, पूल, तांबडा." वजाबाकीसुद्धा पाढ्यासारखी तोंडपाठ. जूनमध्ये एकोणतीस आले ते असे.

मात्राच्या छातीवरच्या पडद्यावर डॉक्टर शेंडगे हसले. "झकास. मेंदूला रक्त पुरतंय. ऑपरेशनची घाई नको, औषधं चालू ठेवू." आईने पेढे आणले. मी माझा तसाच ताटलीत ठेवला.

आणि दुपारी ते दुसरं ताट.

मात्रा पडवीत बॅटरी भरत बसली होती. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. "मात्रा, समजा कुणी शब्द आधीच पाठ केले तर?"

"तर मी स्मरण मोजलं नाही, सराव मोजला. याला सराव-परिणाम (तीच चाचणी पुन्हा दिल्याने वाढलेले गुण) म्हणतात."

"पण पास झालं की झालं ना?"

"ही पास-नापासाची परीक्षाच नाही, ऋजुता. पहिले गुण ही आधाररेषा (पुढच्या मोजणीशी ताडून पाहायची पहिली नोंद). गुण खाली गेले तर आम्हाला वेळेवर कळतं. खोटे वर गेले, तर काहीच कळत नाही."

मला रडू फुटलं. आई धावत आली, मागोमाग आबा. मी सगळं सांगून टाकलं.

आबा खुर्चीत बसले. नोकरीत असताना कालव्यावर न जाता घरबसल्या पाण्याची पातळी लिहिणाऱ्यांवर ते भयंकर चिडायचे. मोजपट्टीला हात लावायचा नाही, हे त्यांचं एकच वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"पोरीला बोलू नका," ते म्हणाले. "मी मोठा, मला कळत होतं. भीती वाटली मला." मग खाली बघत म्हणाले, "अजून एक लपवलंय. परवा उजव्या हातातून कप सुटला. दहा मिनिटं शब्दच फुटेना. मग आपोआप बरं झालं, म्हणून बोललो नाही."

मात्राने तिथल्या तिथे डॉक्टरांना जोडून दिलं. ते आता हसत नव्हते. "हा पक्षाघाताचा अल्पकालीन झटका. बरा झाला तरी तो मोठ्या झटक्याची सूचना असतो. आजच दाखल करा."

गाडी येईपर्यंत मात्राने केंद्रातून नवी यादी मागवली आणि चाचणी पुन्हा घेतली. पाच मिनिटांनी तिने शब्द विचारले.

"कंदील," आबा म्हणाले. "चिंच." आणि थांबले.

उरलेले तीन माझ्या जिभेवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि ओठ घट्ट मिटले. इतकं कठीण काम मी जन्मात केलं नव्हतं.

"नाही आठवत," आबा म्हणाले. "लिही, दोन." एकूण एकवीस झाले.

दोन दिवसांनी ऑपरेशन करून धमनीतला थर काढला. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की, गेलेली आठवण परत येईलच असं नाही, पण पक्षाघाताचा धोका पुष्कळ कमी झालाय. दर सहा महिन्यांनी एकवीसशी ताडून पाहायचं. आई म्हणाली, नागपूरचं नंतर बघू, आधी दुपारी सोबतीला कुणीतरी शोधू. आणि केंद्राला मराठी शब्दांच्या दहा नव्या याद्या हव्यात, त्यांसाठी मी वहीत शब्द गोळा करतेय. ती वही आबांना दाखवायची नाही.

ऑपरेशननंतर आबा शुद्धीवर आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना नाव विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

"शिडी, पेरू, रेशीम, पूल, तांबडा."

"ही यादी रद्द झाली आहे," आमच्यासोबत आलेली मात्रा म्हणाली.

मी किती दिवसांनी एका जागी शांत बसले होते, आबांचा उजवा हात धरून. त्यांनी तो घट्ट दाबला.