केन्जी म्हणजे दुसरा

"एक्सक्यूज मी… तो स्वेटर माझा आहे."

धम्मप्रियाने दचकून हातातल्या स्वेटरकडे पाहिलं. ड्रायरमधून काढताना तिच्या कपड्यांत तो कसा आला, कोण जाणे! कॅनडात, वॉटर्लूमधल्या तिच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये ती दर शनिवारी कपडे धुवायला यायची. नागपूर सोडून वर्ष होत आलं होतं. ऑफिसचं काम घरूनच. शुक्रवारी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत बोलायला कुणी नसायचं.

"सॉरी," ती म्हणाली. तेवढ्यात कॉलरच्या आत शिवलेल्या पट्टीवरची दोन अनोळखी अक्षरं दिसली. "हे काय लिहिलंय?"

"माझं नाव. केन्जी. आईने शिवलंय… मी अजून शाळेत जातो असं तिला वाटतं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

मग शनिवार दोघांचे झाले. कपडे सुकेपर्यंत बाकावर गप्पा. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे… आणि ती एकेका मोज्याची घडी उगीच सावकाश घालायची.

"तुझ्या नावाचा अर्थ काय?" एकदा त्याने विचारलं.

"धम्म जिला प्रिय आहे ती. आणि तुझ्या?"

"ते अक्षरांवर असतं. जपानीत केन्जी कितीतरी प्रकारे लिहितात. माझ्यातला 'केन' म्हणजे निरोगी. 'जी' म्हणजे दोन. दुसरा मुलगा."

"मग पहिले साहेब कुठे असतात?" तिने चेष्टेत विचारलं.

केन्जीने हातातला मोजा बाकावर ठेवला. "तो… जन्मला आणि लगेच गेला. केनइची. 'इची' म्हणजे एक." मग खाली बघत म्हणाला, "लहानपणापासून वाटतं, मी कुणाच्या तरी जागेवर बसलोय. तो आला की उठावं लागेल."

तिचा हात त्याच्या बाहीला टेकला, आणि तिने तो काढून घेतला नाही.

मार्चमध्ये, भावाच्या स्मृतिदिनाला, केन्जी तिला व्हिटबीला आईकडे घेऊन गेला. खिडकीबाहेर तळ्यावर बर्फ भुरभुरत होता. घरात छोट्या बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती. धम्मप्रियाने सवयीने हात जोडले. मग चहा ओतणाऱ्या आईला तिने सरळ विचारून टाकलं, "आंटी, ह्याचं नाव 'दुसरा' का ठेवलंत?"

केन्जी आखडला. हा प्रश्न त्या घरात कुणी कधी विचारला नव्हता.

आईने किटली खाली ठेवली. "ह्याचे बाबा म्हणत होते, पुन्हा एकपासून मोजू. मीच नको म्हटलं. मोठ्याला पुसलं असतं, तर हा अगदी एकटा पडला असता. वाटलं… नावात तरी ह्याला भाऊ असू दे." तिने मुलाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं ना?"

केन्जीने नकारार्थी मान हलवली. मग आईच्या खांद्यावर कपाळ टेकवून तो रडला.

परतीच्या ट्रेनमध्ये ती हळूच म्हणाली, "मी विचारायला नको होतं का?"

"मला आयुष्यभर जमलं नाही ते तू एका चहात केलंस." तो थोडा थांबला. "आता मी एक विचारू? शनिवार नसला… तरी भेटशील?"

"कपडे धुवायचे नसताना?"

"नसताना. रोज."

उत्तर म्हणून तिने आपली बोटं त्याच्या बोटांत गुंफली. तेवढ्यात फोन वाजला. नागपुरात उजाडत असावं.

"काय गं, एवढा आवाज कसला?" आई विचारत होती. "एकटीच कुठे निघालीस?"

"एकटी नाही, आई." तिने गुंफलेली बोटं सोडली नाहीत. "केन्जी आहे सोबत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "बरं… सांग. ऐकतेय मी."