बांधावर एकच चाक

दिंद्रुडच्या मुस्तकीम मिस्त्रीवर बालंट आलं होतं. राधाकिशनरावांच्या जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग त्यानं दुरुस्त केलं, ट्रॅक्टर नवरदेवाची वरात फिरवून आला आणि दुसऱ्या सकाळी बांधावरून थेट पाण्याच्या चारीत गेला. तो चालवणाऱ्या राधाकिशनरावांच्या मुलाचा, बजरंगचा, पाय मोडला. मिस्त्रीनं बोल्ट ढिला ठेवला, असं गाव म्हणू लागलं. गॅरेजकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्याची बायको लुबना बीडला खासगी तपासनीस उज्ज्वलाताईंकडे आली.

ताईंचे मदतनीस सटवाराव म्हणजे निवृत्त हवालदार. मिस्त्रीच दोषी, हे त्यांनी गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं.

चारीतून काढलेला ट्रॅक्टर गोठ्याशी उभा होता. ताईंनी स्टेअरिंग फिरवलं. पुढची दोन्ही चाकं निमूट वळली. मग त्या पुढची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, एक्सलखाली, वाकल्या. मधल्या पिनीच्या दोन्ही बाजूंना रंग ताजा खरवडलेला होता.

"वडिलांच्या ट्रॅक्टरवर कंबर मोडायची," राधाकिशनराव म्हणाले. "ह्याचा एक्सल पिनीवर डुलतो. एक चाक बांधावर चढलं तरी दुसरं भुई सोडत न्हाई. बसणाऱ्याला कळतबी न्हाई."

खाटेवरचा बजरंग मात्र म्हणाला, त्या दिवशी अख्खा ट्रॅक्टर कलला, स्टेअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच गेला.

ओल्या बांधावर डाव्या चाकाची खूण होती. उजव्याची बांधाच्या पायथ्याशीच संपली होती. सटवाराव चक्रावले. चाक काही पाखरू नव्हे.

राधाकिशनरावांचा भाचा धर्मराज वरातीची फुलांची कमान बांधायचा. खालचे वासे एक्सलला, वरचे बॉनेटला. मागच्या लग्नात कमान नवरदेवावर कोसळली होती. यंदा खड्ड्यांतूनसुद्धा इंचभर हलली नाही, हे त्यानं फुशारकीनं सांगितलं. चारीतून ट्रॅक्टर काढायलाही तोच खाली उतरला होता.

संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना गोठ्याशी बोलावलं.

"खालून डुलणाऱ्या एक्सलला बांधलेली कमान हलणारच," त्या म्हणाल्या. "हलली नाही, म्हणजे एक्सल डुलत नव्हता. धर्मराज, कमान हलू नये म्हणून तुम्ही पिनीच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या. रंग तिथंच खरवडलाय. वरातीनंतर कमान काढली, पाचरी राहिल्या. डावं चाक बांधावर चढलं आणि उजवं अधांतरी राहिलं. हवेतलं चाक ट्रॅक्टर वळवत नाही, आणि एकटं डावं ओल्या मातीत नुसतं घसरलं. चारीतून काढताना पाचरी तुम्ही गुपचूप उपसल्या."

धर्मराजनं मान खाली घातली. "मामा, लई भ्यालो. मिस्त्रीचं नाव निघालं, मी गप बसलो."

सटवाराव मनातून शरमले. राधाकिशनरावांनी भाच्याला दंडाला धरलं आणि भर बाजारातून मुस्तकीमच्या गॅरेजवर नेलं. चारचौघांत धर्मराजनं सगळं कबूल केलं.

मुस्तकीमनं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "बजरंगभाऊचा पाय कसा हाय?"

लुबनानं पदरानं डोळे पुसले.