निसटलेलं वाक्य

स्पर्धेसाठी कथा टाकायचा शेवटचा दिवस, ग्रंथालय बंद व्हायला पाच मिनिटं. पेटीच्या फटीत दोन पाकिटं एकदम शिरायला गेली आणि दोन्ही अडकली.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"दया नको. ओढा तुमचं!"

"दया कसली? माझं जाड आहे, तुमचंच चुरगळेल."

तिला हसू आलं. खरं तर हसायचं नव्हतं... छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका सुधारणाऱ्या या मुलीला घरी सगळे 'धाकटी' म्हणत. थोरलीनं हीच कथास्पर्धा दोनदा जिंकली होती. 'यंदा आमची धाकटी!' असं आत्यानं गल्लीभर सांगून ठेवलेलं. या वेळी हरली, तर थोरलीच्या सावलीतून तिची सुटका नव्हती.

तो कोपऱ्यावरचा चष्मेवाला निघाला. पुढच्या पंधरा दिवसांत ती त्याच्या दुकानात तीनदा गेली.

"पुन्हा स्क्रू सैल?"

"आपोआप होतो."

"आपोआप नाही होत..." चष्मा हळूच तिच्या कानांवर बसवत तो म्हणाला. काचेआडून तो फार जवळ दिसला. तिनं आधी डोळे मिटले, मग चष्मा नीट बसलाय म्हणाली.

दोघांच्याही कथा अंतिम फेरीत पोचल्या. ग्रंथालयाची एक जुनी रीत होती. अंतिम फेरीत कुणी स्वतःची कथा वाचायची नाही. चिठ्ठी टाकून दुसऱ्याची वाचायची. नावं झाकलेली. परीक्षक फक्त ऐकणार.

तिची कथा नेमकी त्याच्या हाती आली. छान वाचत होता तो, पण शेवटाजवळ अडखळला, पाणी प्यायला... आणि एक अख्खं वाक्य गाळून पुढं गेला. ती खुर्चीत पुढं सरकली. मुद्दाम?

मग तिची पाळी. म्हातारीला पहिल्यांदा चष्मा लागतो आणि ती सगळ्यात आधी स्वतःचे हात बघते... दुसऱ्याच ओळीला तिनं ओळखलं, ही कुणाची कथा ते. भराभर वाचून टाकलं असतं तर फिटंफाट झाली असती. पण म्हातारीचे हात तिला दिसायला लागले. आवाज आपसूक मऊ झाला. सभागृह श्वास रोखून ऐकत राहिलं.

तो पहिला आला, ती दुसरी. "शेवटी काहीतरी निसटलं," परीक्षक तिच्या कथेबद्दल म्हणाले.

तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता, चेहरा पडलेला. "मी आत जाऊन सांगतो, चूक माझी होती."

"काही सांगू नका. फक्त मला सांगा, का गाळलंत?"

"ते वाक्य..." तो चाचरला. "चारचौघांत म्हटलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं की मी कथेतलं बोलत नाहीये."

संध्याकाळचं पिवळं ऊन पायऱ्यांवरून हळूहळू उतरत होतं.

"आता इथं कुणी नाही," ती म्हणाली. "म्हणा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "थोडं थांबशील? मला धीर यायला वेळ लागतो."

स्वतःचंच वाक्य, पण ते असं ऐकू येईल असं लिहिताना वाटलं नव्हतं. दुसरी आल्याचं शल्य कुठं गेलं, कळलंच नाही.

"थांबते. पण एका अटीवर. मी दुसरी आले, हे आमच्या आत्याला तुम्ही येऊन सांगायचं."

"आत्याला? बाप रे! त्याला तर जास्तच धीर लागेल."

"मग बसा," ती म्हणाली आणि पायरीवर बसून, थोडं सरकून तिनं त्याला जागा करून दिली.