चार अक्षरांचा शब्द

"'उगा' असेल."

मी मान वर केली. झेरॉक्सच्या दुकानात माझ्याशिवाय आणखी गिऱ्हाईक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि तंजावरात, रविवारच्या सकाळी, बाहेर भुरभुर पाऊस चालू असताना कुणी माझ्याशी मराठीत बोलेल... हे तर मुळीच ध्यानीमनी नव्हतं.

तो दाराशी उभा होता. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. छत्रीचं पाणी त्याच्याच चपलेवर ठिबकत होतं.

"काय म्हणालात?"

"तुम्ही आतां मोठ्यानें वाचलें ना... 'विनाकारण वाटेल, पण हा नुसता गप्प. अक्षरं दोन.' तें 'उगा'." मग तो जरा कचरला. "चुकलें असेल तर परवाइल्लै. सोडून द्या."

मी चौकटीत लिहून पाहिलं. नेमकं बसलं. उभ्या शब्दातला 'गा' तर कधीचा माझी वाट बघत होता.

"आम्ही 'उगाच' म्हणतो, ते विनाकारण या अर्थानं," मी म्हटलं. "गप्प हा अर्थ मी फक्त पुस्तकात वाचलाय."

"आमच्या घरीं रोज म्हणतात. 'वरुणा, उगा राहा.' मी लहानपणीं फार बडबड करीत असें."

"आणि आता?"

"आतां कोणाशीं करूं?"

तो हसत म्हणाला खरा, पण ते हसू ओठांवरच राहिलं. ते मला ओळखता आलं, कारण तसं हसू मी गेले आठ महिने रोज ऑफिसला जाताना लावून जात होते.

मी मिरजेची. धान्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली म्हणून इथं आले आणि राजवाड्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली घेतली. आल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात बाबा गेले. आई तर मी शाळेत असतानाच गेली होती. दर रविवारी पुरवणीत येणारं मोठं शब्दकोडं बाबा आणि मी मिळून सोडवायचो. ते मिरजेहून, मी इथून, फोन कानाला लावून. ते गेल्यावर मला कोडं सोडता येईना आणि सोडवताही येईना. तरी रविवारी ते इथं छापून घ्यायचं, खोलीवर न्यायचं आणि तिन्हीसांजेला अर्धवट तसंच ड्रॉवरमध्ये सारायचं, एवढंच चाललं होतं.

दुकानाच्या मालकीण धनलक्ष्मी आमच्याकडे कौतुकानं बघत होत्या. त्यांना कळत काहीच नव्हतं, पण माझ्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"सगळें वाचून दाखवाल?" त्यानं विचारलं. "मला हीं अक्षरें येत नाहींत. आजोबांस येत असत. वडिलांस नाहीं, मलाही नाहीं. आमची मराठी नुसती तोंडांत राहिली."

शेजारच्या कॉफीच्या दुकानाबाहेर एक लाकडी बाक होता. तिथं आम्ही बसलो.

वरुणराव इथल्याच जुन्या मराठी घरातला, जवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचा. रोज बसनं जाऊन-येऊन. त्या दिवशी चाचणीच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स करायला आला होता, आणि त्या बिचाऱ्या दुपारपर्यंत पिशवीतच राहिल्या.

पुढच्या रविवारी मी पोचले, तेव्हा तो आधीच बाकावर होता. समोर दोन कॉफ्या, एकीवर बशी झाकलेली.

"योगायोग," तो म्हणाला.

"तुमच्या प्रश्नपत्रिका कुठायत?"

"ह्या आठवड्यांत परीक्षा नाहीं."

"मग?"

"मग... योगायोग."

त्याच्या बोलण्याला तमिळ हेल होता, शब्द मात्र दोनशे वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे जे शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर गेले, त्यांत तो सांबार वाढायला सांगायचा, बस चुकल्याची तक्रार करायचा. मी कोड्याची शोधसूत्रं वाचायची, त्यानं डोळे मिटून ऐकायची. विचार करताना तो बोटानं मांडीवर अंक काढायचा. त्याच्या पापण्या लांब होत्या, आणि डोळे मिटलेले असले की मला त्या हव्या तेवढ्या वेळ बघता यायच्या.

"'दोन शेजाऱ्यांत एकच, दोघांचीही, तरी कुणाची नाही.' अक्षरं दोन."

"भिंत."

"मी 'हद्द' म्हणणार होते."

"दुसरें अक्षर?"

"...त."

"मग भिंत." डोळे न उघडताच तो म्हणाला. "आणि तुम्ही माझ्याकडे पाहूं नका, कागदाकडे पाहा."

मी कागदाकडे पाहिलं. कान मात्र तापले होते.

हळूहळू तो अक्षरं शिकू लागला. मी शब्द सांगायची, तो चौकटी भरायचा, जीभ दातांत धरून, पहिलीतल्या मुलासारखा. 'घ' आणि 'ध' त्याला कायम फसवायचे. एकदा तो डबा घेऊन आला. त्याच्या आईनं, शेषम्मांनी, ताकात कालवलेलं डांगर दिलं होतं. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. छत्री उघडून त्यानं ती रस्त्याच्या बाजूला धरली. पाऊस नव्हताच, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझा चेहरा दिसेना.

"घरीं मी आणि अम्मा," तो त्या दिवशी म्हणाला. "बहीण चेन्नईस. तिच्या मुलांस मराठी कळते, बोलत नाहींत. अम्मा सत्तर वर्षांची आहे. तिच्या मागें मी ही भाषा कोणाशीं बोलूं, हा विचार येतो... आणि मग रविवार येतो."

त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुढचं सूत्र वाचलं.

जानेवारीत पुण्याहून पत्र आलं. दोन वर्षांपूर्वी मी अर्ज केला होता, ती जागा आता निघाली होती. शनिवारी मुलाखत. मी त्याला सांगितलं, तेव्हा तो 'ध' काढत होता. पेन्सिल थांबली.

"तेथें सगळे मराठी बोलतात," तो म्हणाला.

"हो."

"मग जा. येथें तुम्ही फार एकट्या आहां."

त्यानं 'थांबा' म्हणावं, असं मला वाटत होतं. माझ्याकडे न बघता त्यानं 'ध' पूर्ण केला. सुबक, गोल, पहिल्यांदाच बिनचूक.

मुलाखत चांगली झाली. तिथल्या तिथे नेमणूक सांगितली, बुधवारपर्यंत कळवा म्हणाले. रविवारी सकाळी मी पुण्याच्या रस्त्यावरून चालत होते. पाट्या मराठी, रिक्षावाले मराठी, भाजीवालीची भांडणंसुद्धा मराठी. वर्षभर ज्यासाठी तळमळले, ते सगळं भोवती होतं, आणि त्यातलं एक वाक्यही माझ्यासाठी नव्हतं. मी स्टॉलवरून पुरवणी घेतली. खरा कागद, छपाईचा वास असलेला. एका हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले आणि चहा निवायच्या आत अर्धं कोडं सुटलं. तासाभरात सगळं. एकही चौकट रिकामी नाही. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं पूर्ण कोडं सोडवलं होतं.

मी आजूबाजूला पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं.

वेटर येऊन टेबल पुसून गेला. मी फोन काढला. वरुणरावचा नंबर माझ्याकडे होता, पण 'बसला उशीर' एवढ्या निरोपांपलीकडे आम्ही कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या रिंगलाच त्यानं उचलला.

"एक शब्द अडलाय," मी म्हटलं.

"वाचा."

"'मागे ठेवून निघावे, तर आपल्याआधी पोचते.' अक्षरं चार."

पलीकडे एक कावळा ओरडला, दूरवर एका बसनं हॉर्न दिला. तो बाहेर होता तर.

"आठवण," तो हळूच म्हणाला. मग, "हें तुम्हांस येत होतें."

"हो."

"मग कां विचारलें?"

उत्तर माझ्याजवळ होतं. किती महिने होतं. "कोडं सगळं सुटलं," मी म्हटलं, "पण सुटल्यावर फार एकटं वाटलं. तुमच्याशिवाय मला आता ते सुटून उपयोग नाही. कोडं... आणि बाकीचंही."

पलीकडे कागद फडफडला.

"वरुणराव? कुठे आहात?"

"बाकावर. धनलक्ष्मीकडून तें छापून घेतलें. सकाळीं आठपासून वाचतों आहें. एक-एक अक्षर लावून." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "पहिलें सूत्र वाचायला अर्धा तास लागला. अर्थ लागेना. म्हटलें, तुमच्यावांचून वाचतां तरी येतें का पाहूं. पुढें तेंच करावें लागणार होतें."

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी त्यांना नकार कळवणार आहे," मी म्हटलं.

"माझ्यासाठीं ती जागा सोडूं नका. उद्यां पस्तावाल, मग मला तुमच्याकडे पाहवणार नाहीं."

"वर्षभर ती जागा हवी होती, कारण मला वाटायचं की मला मराठी हवीय. आज इथं पोटभर मराठी ऐकली. मला मराठी नको होती हो. माझ्याशी बोलणारं माणूस हवं होतं."

पलीकडे कॉफीवाल्यानं काहीतरी विचारलं, वरुणरावनं तमिळमध्ये उत्तर दिलं. ते वाक्यही अर्ध्यात तुटलं.

"मी त्या दिवशीं 'थांबा' म्हणणार होतों," तो म्हणाला. "जिभेवर आलें होतें. पण मला हक्क नव्हता."

"आता आहे."

मग तो बोलला, आणि चार महिने आमच्या मधोमध नीटनेटकं बसलेलं ते 'तुम्ही' कुठच्या कुठे निघून गेलं.

"केव्हां येशील?"

मी उठले. चहाचा कप तसाच राहिला, पुरवणीही टेबलावरच राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं. डोळ्यांवर हात धरत मी म्हटलं, "येते."