तानूबाईच्या दंडावरचे वण

१९८१ साली मी हुबळीच्या एका इस्पितळात मेंदूच्या आजारांचा डॉक्टर होतो. अमरगोळच्या बाजारात मिरचीची पोती उचलणारा धोंडिबा तापाने फणफणत आला. मानेत गाठी, पोटात वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा. सोबत आई, तानूबाई.

"असाच ताप ह्याच्या बापाला आला, मग थोरल्या लक्ष्मणाला," ती म्हणाली. "दोघंबी गेले."

काही घराण्यांत रोगाशी लढणाऱ्या पेशींना लगाम नसतो. त्या आपल्याच माणसावर उलटतात, मेंदूत शिरतात. धोंडिबाच्या पाठीतून काढलेलं पाणी तेच सांगत होतं. पेशींची गर्दी, जंतू एकही नाही. मी स्टिरॉइड सुरू केलं.

"डाक्टरसाब, मला बांधा," धोंडिबा म्हणाला. "तापात दादानं आईला लई मारलं हुतं."

आम्ही त्याला खाटेला बांधलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने पट्ट्या तटातट तोडल्या. वॉर्डबॉय मल्लाप्पाचे केस धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. चुन्यावरून रक्त ओघळलं. मी मागून कव घातली, तशी त्याने मान वळवून माझ्या हातात दात रोवले.

"बिडो! सोड!" मल्लाप्पा ओरडला.

दात हाडाला लागले. चौघांनी त्याला फरशीवर दाबलं. मी दुसऱ्या हाताने इंजेक्शन दिलं. तो निपचित पडला, आणि दिवे लागायच्या आत गेला.

जखम धुताना मी थांबलो. हातावर उमटलेल्या वरच्या दातांच्या रांगेत, अगदी समोर, एका दाताची जागा कोरी होती.

मी धोंडिबाचे ओठ उघडले. सगळे दात शाबूत.

मुलाच्या पायाशी बसलेल्या तानूबाईने माझ्या हाताकडे पाहिलं आणि बाही वर सारली. दंडावर दोन जुने वण. दोन्हींत तीच फट.

"ह्यो मालकाचा. ह्यो लक्ष्मणाचा."

"त्यांचा दात पडला होता?"

"न्हाई. दोघांचे दात पुरे हुते."

"मग कुणाचा?"

तिने बाही खाली ओढली.

उन्हाळ्यात तिची लेक भागीरथी आली. कडेवर तान्हं मूल, तापलेलं. चाचपल्यावर त्याच्या मानेत गाठी लागल्या.

मी त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. मऊ. दात यायला अजून अवकाश होता.

"दूध पितं का?"

"पितंय की," ती म्हणाली, आणि डोळे खाली घालून पदर बाजूला केला.

छातीवरच्या फडक्यातून रक्त अर्धगोलात उमटलं होतं. मधे एक जागा कोरी होती.